टीव्हीला वाहिलेलं फूल

सोल्डरिंग करताना राळेचा जळका वास आला की डोंबिवलीच्या घरातला एक दसरा आठवतो. नवा रंगीत टीव्ही आलेला, आणि जुना बंद टीव्ही भंगारात द्यायचं बाबांनी ठरवलेलं. आईने मात्र पूजेत विळी आणि शिलाई मशीनच्या जोडीला त्यालाही हळदकुंकू लावून झेंडूचं फूल वाहिलं. दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला तशी ती दारात आडवी उभी राहिली. "काल हात जोडलेत ना याला? मग आज भंगारात कसा देता?" "अगं, बंद आहे तो!" बाबा वैतागले. मी तेव्हा आयटीआयच्या पहिल्या वर्षाला होते. म्हटलं, "टीव्ही बंद आहे, पण आतला स्पीकर चांगला असेल. आईच्या रेडिओचा फाटलाय, त्याला लावते." "जमणार आहे का तुला?" बाबांनी विचारलं. "जमेपर्यंत करीन." दोन बोटं भाजली, एक तार चुकीच्या जागी जोडली, ती काढून पुन्हा जोडली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघरात सातच्या बातम्या लागल्या. बाबांनी उठून आवाज थोडा वाढवला. आज नौपाड्यातल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात कुणी बंद पडलेली वस्तू "फेकून द्या" म्हणत ठेवली, की मी आधी एवढंच विचारते, "दसऱ्याला फूल वाहिलेलं का हिला?"