ज्येष्ठेजवळचा हिरवा तारा

लोबो मास्तरांच्या घरात दुर्बीण आली ती त्यांच्या मामांकडून. मामा गोव्यात पाद्री होते. मरताना त्यांनी भाच्यासाठी ती पितळी दुर्बीण आणि ताऱ्यांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मागे ठेवलं. मॅन्युएल लोबो मालवणात इंग्रजी आणि भूगोल शिकवायचे. लग्न केलं नव्हतं. घर सांभाळायची त्यांची धाकटी बहीण आग्नेस. ती आमची शेजारीण. मास्तर गेल्यावर तिनं माझ्या आईला, आनंदीबाईला, जे सांगितलं ते हे.

मामांच्या पुस्तकात ज्येष्ठा नक्षत्रातल्या मोठ्या तांबड्या ताऱ्याबद्दल एक पान होतं. तो तारा एवढा प्रचंड, की आपला सूर्य त्याच्यापुढे वाटाण्याएवढा. त्याच्या शेजारी एक लहानसा हिरवा तारा असल्याचं काहीजण सांगतात, असं त्या पानावर होतं. पण तांबड्याच्या झगमगाटात तो सहसा दिसत नाही. हिरवा रंग हा नुसता डोळ्यांचा भास, असंही काहींचं म्हणणं होतं. खरं काय ते ठरवायला एकच वाट होती. चंद्र कधीकधी ज्येष्ठेवरून सरकत जातो. तो पुढे गेला की झाकलेला तारा त्याच्या काळ्या कडेआडून पुन्हा बाहेर पडतो. त्या वेळी तांबड्याच्या आधी हिरवा ठिपका एकटाच दिसला, तर तो भास नव्हे. तिथं खरोखर दुसरा तारा आहे.

मास्तरांना या पानाचं वेडच लागलं. मुंबईच्या एका खगोल मंडळाकडून त्यांनी तारीख मिळवली. त्रेपन्न सालच्या फेब्रुवारीत, पहाटे. मालवणच्या किनाऱ्यावर पूर्वेची बाजू माडांनी झाकलेली, म्हणून गावामागच्या उंच, उघड्या सड्यावर जायचं ठरलं. दुर्बीण मास्तरांच्या खांद्यावर, तिची तिपाई आणि कंदील आग्नेसच्या हातात. कातळावरचं वाळकं गवत दवानं भिजलेलं होतं. चंद्राची कोर वर आली होती, आणि तारा तिच्याआड गेलेला होता.

बराच वेळ मास्तर दुर्बिणीला डोळा लावून बसले. मग त्यांच्या डोळ्याला पाणी यायला लागलं. "अजून वेळ आसा," ते म्हणाले, "मी जरा खाली जावन येतंय. हात लावू नको." आणि ते करवंदीच्या जाळीमागे गेले.

आग्नेसनं हात लावला नाही. नुसता डोळा लावला. कोरीची काळी बाजू अंधुक दिसत होती. एकाएकी तिच्या कडेवर एक बारीकसा ठिपका उमटला. कच्च्या आवळ्यासारखा हिरवा. आजूबाजूला काही नाही, तो एकटाच. तिनं श्वास रोखला. चार-सहा सेकंद गेले असतील नसतील, आणि त्याच्याशेजारी तांबडा तारा निखाऱ्यासारखा फुलला, त्याच्या उजेडात हिरवा पार दिसेनासा झाला.

"दादा! आदी हिरवो इलो! मगे तांबडो!"

मास्तर धावत आले तोवर तांबडा तेवढा उरला होता. त्यांनी दुर्बीण इकडे फिरवली, तिकडे फिरवली. मग बहिणीवर उसळले. "तुका कोणी बघूक सांगल्यान? हिरवो म्हणे! ह्या काचेत दिव्याभोवती पण हिरवा दिसता."

"एकटोच होतो तो, दादा. तांबडो नसतानाच होतो."

"गप रव."

मास्तर दुर्बीण उचलून पुढे चालायला लागले. तिला वाटलं, आपण भावाचं काहीतरी हिरावून घेतलं. त्या दिवशी तिनं त्याच्या आवडीची सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, कढी केली.

महिन्याभरानं मास्तर मुंबईला जाऊन आले, आणि मंडळानं त्यांच्या नावानं तशी नोंद करून घेतली. ते परतले त्या आठवड्यात शाळेच्या सभागृहात त्यांचा सत्कार झाला. गावानं एवढंच ऐकलं होतं, की आपल्या मास्तरांनी मालवणातून एक तारा शोधला. आग्नेस बायकांमध्ये मागे बसली होती. मास्तर शुद्ध मराठीत सांगत होते, "मी डोळा लावून बसलो होतो. अचानक चंद्राच्या कडेवर एक ठिपका उमटला. कच्च्या आवळ्याच्या रंगाचा."

तिच्या शेजारच्या बाईनं तिला कोपरानं ढोसलं. "भाऊ कसो बोलता बघ गो!"

रात्री जेवताना तिनं विचारलं, "दादा, तेव्हा तू खंय होतंस?"

मास्तर पानातल्या माशाचा काटा काढत म्हणाले, "तुझ्या नावान सांगला असता तर कोणी आयकला असता? रांधपाघरातल्या बायलेचा? माझ्या नावान गेला म्हणान मंडळान लिवन तरी घेतला."

तिनं भात वाढला. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

घरात पाहुणे वाढले. सावंतवाडीहून शिक्षक यायचे, कधी तळेऱ्याला गाडी बदलून लांबून कोणी यायचं. मास्तर त्यांना सड्यावर नेऊन जागा दाखवायचे आणि आग्नेस चुलीशी असायची. त्याच सुमारास वेंगुर्ल्याच्या रोझारियोचं स्थळ आलं होतं. दवाखान्यात कंपाउंडर, बायको वारलेली, बोलायला सरळ माणूस. आग्नेसला तो आवडला होता. मास्तर म्हणाले, "फुडल्या वर्साक बघूया. सध्या घरात केवढा काम आसा." रोझारियो एक वर्ष थांबला. मग त्यानं म्हापशाची बायको केली.

बासष्ट-त्रेसष्टच्या पुढे मुंबईच्या मंडळात नवी माणसं आली. ती बारकाईनं विचारायला लागली. हिरवा तारा कडेवर नेमका कुठं उमटला? तांबडा त्यानंतर किती वेळानं आला? मास्तरांना सांगता येईना. एकदा एक सांगितलं, पुढच्या खेपेला दुसरंच. बहिणीला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, पण त्यांनी विचारलं नाही.

चंद्र ज्येष्ठेवरून पुन्हा जाणार होता तो एकदम अडुसष्टच्या सुमाराला; मधली पंधरा वर्षं त्याची वाट दुसरीकडूनच होती. तोवर मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. मंडळाचे हरिश्चंद्र परुळेकर म्हणून एक गृहस्थ मुद्दाम मालवणला आले. मास्तर त्यांना म्हणाले, "माझे डोळे आता काम देत नाहीत. पण माझी बहीण बघेल. तिचे डोळे चांगले आहेत."

पंधरा वर्षांत तिच्या डोळ्यांबद्दल भाऊ पहिल्यांदा काही बोलला होता.

तिघं सड्यावर गेली. परुळेकर हातात घड्याळ घेऊन उभे. मास्तर कातळावर काठी टेकून बसलेले. आग्नेसनं डोळा लावला. पन्नाशीला आलेली बाई, कंबर दुखत होती, तरी ती हलली नाही. ठिपका आला. तसाच हिरवा, तसाच एकटा. मग तांबडा आला आणि त्यानं त्याला गिळून टाकलं.

"दिसलं का बाई?" परुळेकरांनी विचारलं.

"नाय," आग्नेस म्हणाली. "तांबडो तेवढो दिसलो."

"त्याच्या आधी काही नाही?"

"काय नाय."

मास्तर उठले. "नीट बघितलंस मां गो?"

"नीट बघलंय, दादा."

सडा उतरताना परुळेकर त्यांना समजवायला लागले. "मास्तर, मनाला लावून घेऊ नका. त्या ताऱ्याला जोडीदार आहे हे विलायतेतल्या लोकांनी शंभर वर्षांपूर्वीच नक्की केलंय. आम्हाला एवढंच बघायचं होतं, की असल्या लहान दुर्बिणीतून तो दिसतो का. तुम्हाला हे त्रेपन्न सालीच सांगितलं होतं ना आमच्या लोकांनी?"

मास्तर काठीनं वाट चाचपत राहिले. आग्नेस पुढे चालत होती, ती थांबली. ताऱ्याला तिच्या साक्षीची गरज कधीच नव्हती. मास्तरांच्याही नव्हती. आणि हे भावाला इतकी वर्षं ठाऊक होतं. गावात शोध लावणारा म्हणून तो मिरवत होता. मागे वळून "हिरवो दिसलो" म्हणायला अजून वेळ होता. ती पुन्हा चालायला लागली.

मंडळानं मास्तरांची जुनी नोंद काढून टाकली. बातमी गावात पोहोचायला वेळ लागला नाही. बाजारात लोक मुद्दाम विचारायचे, "मास्तर, हिरवो खंय गेलो?" त्यांनी बाजारात जाणं सोडलं, मग चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेलाही जाईनात. एकदा दुपारी खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी हाक मारली. "आग्नेस. खरा सांग. काय दिसला तुका?"

"तुका दिसला ताच," ती म्हणाली.

त्यांनी कूस बदलली. पुढच्या पावसाळ्यात ते गेले. दुर्बिणीच्या काचेवर तोवर बुरशी धरली होती.

माझ्या आईला हे सगळं ऐकून बरं वाटलं नाही. ती म्हणाली, "शेवटाक तरी सांगूचा होता गो. भाऊस होतो तुझो."

"सांगला असता तर परत त्याचाच नाव झाला असता," आग्नेस म्हणाली. मग म्हणाली, "आता ना त्याचा, ना माझा."

पदरानं तोंड पुसून ती उठली आणि मागच्या दारानं घरी गेली.