पितळेची एक जादा खुंटी

डेन्मार्कमधल्या एस्बियर्गच्या बंदरावर पालेचं नाव काढलं की लोक आधी आपला जबडा चाचपायचे. मासळीच्या बोटीवर त्याने तांडेलाचे दात पाडले, गुत्त्यात एकाच्या पाठीवर खुर्ची मोडली. बायको सोडून गेली, बोटीवरचं कामही गेलं. शेवटी थोरल्या भावाने, एबेने, घरात घेतलं. वहिनीने, बिर्थेने, दारातच बजावलं, "भावोजी, या घरात एकदा जरी हात उगारलात, तर त्याच दिवशी बाहेर. मग सिग्नेचं तोंडही दिसणार नाही."

पुतणी सिग्ने म्हणजे त्याचा जीव की प्राण! तिच्या वाढदिवसासाठी तळघरात तो कॉम्प्युटर जोडत होता. बिघडलेली यंत्रं जोडणं, तेवढं एकच शहाणं काम त्याच्या हाताला यायचं. नेम ठरलेला: आधी सगळं उघड्यावर चालवायचं, मगच कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्यात बसवायचं. मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर मांडून त्याने स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू करायच्या दोन पिनांना टेकवलं. पंखा भिरभिरला, पडद्यावर अक्षरं उमटली.

"बघ दादा, कसा पळतोय!" तो शेजारी उभ्या एबेला म्हणाला.

मग तो वर जाऊन दोघांसाठी कॉफी घेऊन आला, सगळं डब्यात कसून बटण दाबलं. ढिम्म. पुन्हा दाबलं. काही नाही.

"मी कॉफी आणायला गेलो तेव्हा तू हात लावलास."

"अरे, नुसता बाजूला सरकवला."

"मघाशी चालत होता! तूच मारलास!"

"हळू बोल. खेळणं तर आहे," एबे हसला.

झालं! पालेचं डोकंच फिरलं. पहिला ठोसा जबड्यावर बसला, एबे फळीवर आदळला, कप फुटले. दुसऱ्याने नाकातून रक्ताची धार लागली. तिसऱ्याने दात तुटून फरशीवर पडला. एबेने हात म्हणून उचलला नाही.

धाप लागल्यावर पाले थांबला. मदरबोर्ड सोडवून पुन्हा पुठ्ठ्यावर ठेवला. पंखा भिरभिरला! त्याने रिकाम्या डब्यात पाहिलं. बोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून खाली पितळेच्या खुंट्या लावतात. त्यातली एक भलत्याच जागी होती, बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करत होती. लावली होती त्यानेच.

जिन्यावर वहिनी उभी होती. "हे काय झालं?"

"जिन्यावरून पडलो," एबे रक्त गिळत म्हणाला. "तू वर जा."

वहिनीने पालेच्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं. पालेने खुंटी काढली, बोर्ड बसवला, बटण दाबलं. कॉम्प्युटर चालू झाला.

"मी मारलं, वहिनी," त्याने जाकीट उचललं. "दादाची काही चूक नव्हती. सिग्नेला एवढंच सांगा, चालतोय म्हणून."