लोणी काळभोरपर्यंत गर्जत

समस्त आप्तेष्टांस, शेजाऱ्यांस आणि झोपमोड झालेल्या पुणेकर नागरिकांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, धायरीचे रहिवासी आणि माझे ऑफिसातले मित्र दत्ता यांच्या पिवळ्या स्पोर्ट्स कारला कंठ फुटला असून तो मिटण्याचे नाव घेत नाही. सबब, त्या कंठावर इलाज शोधत शोधत शनिवारी सकाळी आम्ही दोघांनी माझ्या कर्वेनगरच्या घरापासून लोणी काळभोरच्या दिशेने कूच केले.

दुखणे असे होते. या गाडीच्या सायलेन्सरमध्ये एक झडप असते. चालकासमोरचे बटण दाबले की ती उघडते आणि गाडी डरकाळी फोडते. पुन्हा दाबले की ती मिटते आणि गाडी सभ्य माणसासारखी कुजबुजू लागते. भाऊबीजेपासून ही झडप उघडी ती उघडीच राहिली होती. सोसायटीने हात जोडल्यावर दत्ताने आठवडाभर गाडी झाकून ठेवली. पण शनिवारी ती बाहेर काढणे भाग होते, कारण अण्णांना घरी आणायचे होते.

अण्णा म्हणजे दत्ताचे वडील. धायरीची जमीन दत्ताने बिल्डरला दिली, उसाच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, त्यातल्याच एकीत दत्ता राहायला गेला आणि वर ही गाडी आली. अण्णा मात्र पिशवी उचलून लोणी काळभोरला मुलीकडे, सुमनकडे, निघून गेले. तिथे अजून दारं धरता (पिकाला पाणी देता) येतात. भाऊबीजेला दत्ता गाडी घेऊन बहिणीकडे गेला, तेव्हा त्यांनी गाडीकडे पाहिलेसुद्धा नाही. आणि आता अचानक सुमनचा फोन आला होता: "दादा, अण्णा यायला तयार हायेत. पण म्हणतात, त्या बोंबलणाऱ्या गाडीत बसणार न्हाई. मुकाट्यानं आली तर बसंन."

"मग माझी गाडी ने," मी म्हणालो. "ती बिचारी कुणाला ऐकूच जात नाही."

"नाही. याच गाडीत बसले पाहिजेत," दत्ता म्हणाला. "जमिनीची गाडी आहे ही. हिच्यात बसले म्हणजे..." पुढचे वाक्य सोडून तो गाडीत शिरला.

इंजिन सुरू होताच आमच्या इमारतीतले पहिल्या मजल्यावरचे आजोबा गॅलरीत आले. "अहो, विमानतळ लोहगावला आहे," ते शांतपणे म्हणाले. "इथून कुणी उडत नाही." त्याच क्षणी मिरची भाजल्याचा वास आला आणि मला जोरदार ठसका लागला. कुणाच्या तरी पोह्यांची फोडणी जळली असावी, अशी मी नोंद घेतली.

पहिला मुक्काम कंपनीच्या वर्कशॉपात. तिथे चकाचक फरशी, काचेच्या भिंती आणि मंद संगीत. पांढऱ्या शर्टातल्या एका तरुणाने गाडीला लॅपटॉप जोडला आणि डॉक्टर नाडी बघतात तसे डोळे बारीक केले.

"सर, सिस्टीममध्ये एकही एरर नाहीये. गाडी एकदम फिट आहे."

"मग हा आवाज?"

"तो गाडीचाच आवाज आहे, सर."

गाडी उचलून खालून बघायच्या लिफ्टवर दुसरी गाडी चढलेली होती. आमची सोडून गेलो तर बुधवारपर्यंत बघू, असे आश्वासन मिळाले. आम्ही गर्जत बाहेर पडलो.

दुसरा मुक्काम हडपसरचे एक गॅरेज. तिथल्या उस्तादांनी फ्यूज बदलला, बटण दाबायला लावले, कान लावून ऐकले. "मोटर फिरतीये, पण झडप हलंना. कायतरी अडकलंय. गाडी पार जमिनीला टेकलीये, त्यात सायलेन्सर तापलाय. थंड होऊ द्या, सायलेन्सर खोलू. दुपार होईल."

दत्ता विचार करतोय तोच सुमनचा फोन आला. अण्णा पिशवी भरून सकाळपासून ओट्यावर बसले होते आणि दोनदा आत जाऊन पुन्हा बाहेर आले होते. तिसऱ्यांदा आत गेले तर बाहेर येतील याची तिला खात्री नव्हती.

"चल," दत्ता म्हणाला. शेजारच्या गाड्यावर मी नुकताच वडापाव हाती घेतला होता, तो खातच गाडीत शिरलो. इंजिन सुरू झाले आणि पुन्हा ठसका! मी वडापाववाल्याकडे रागाने पाहिले. "माझ्या मिरचीला नावं ठेवू नका हं," तो म्हणाला, "अजून तुम्ही ती चावलीसुद्धा नाही." खरेच होते, मिरची माझ्या हातातच होती.

हडपसर मागे पडले. सोलापूर रस्त्याच्या कडेला उसाच्या ट्रॉल्या डुलत चालल्या होत्या, गृहप्रकल्पांच्या फलकांवर परदेशी कुटुंबे हसत होती, आणि त्या फलकांखाली बायका माळवं (भाजीपाला) विकत बसल्या होत्या. दत्ता एक शब्द बोलत नव्हता. गाडी त्याच्या वाटचेही बोलत होती.

गावात शिरायच्या आधीच त्याने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केले. इतका वेळ दाबून ठेवलेले पक्ष्यांचे आवाज एकदम ऐकू आले.

"मुकाट्यानं आली तर, असंच म्हणाले ना?"

"हो."

"मग उतर."

दत्ता एक हात स्टिअरिंगवर ठेवून दारापाशी, मी मागे. अशा थाटात ती पिवळी गाडी लोणी काळभोरात प्रवेश करती झाली. एका ट्रॅक्टरवाल्याने थांबून विचारले, "पाव्हणं, पेट्रोल संपलं का?"

"न्हाई," दत्ता म्हणाला.

"मग ढकलताय कशापायी?"

"वडलांना न्यायला आलोय."

त्याला काय उमगले कोण जाणे, पण तो खाली उतरला आणि सुमनच्या दारापर्यंत माझ्या शेजारी खांदा लावून आला.

अण्णा ओट्यावर बसले होते, पिशवी मांडीवर. "बंद पडली व्हय?"

"न्हाई अण्णा. गप करून आणलीये."

अण्णा उठले नाहीत, पण आतही गेले नाहीत. मी दम लागून गाडीमागे फतकल मारली होती. तेवढ्यात पुन्हा तोच वास! इथे पोहे नव्हते, वडापाव नव्हता. मी चक्क जमिनीला गाल टेकवून गाडीखाली पाहिले. सायलेन्सरशेजारी झडप हलवणारी एक बारीक दांडी होती आणि तिला तारेचे घट्ट वेढे बसले होते. त्या तारेत ओवलेले होते एक कोळसा झालेले लिंबू आणि करपलेल्या मिरच्या.

दत्ताने पक्कड मागवून तार सोडवली. लिंबू तळहातावर घेऊन तो म्हणाला, "हे कुणी बांधलं?"

सुमनने अण्णांकडे पाहिले. अण्णांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"भाऊबीजेला तू आत जेवत होतास," ते म्हणाले. "सारी आळी गाडीभवती जमलेली. लोकांची नजर लय वंगाळ. म्हातारा त्या गाडीचं तोंड बघत न्हाई, त्यो काय लिंबू-मिरची बांधणार, असं बोलत हुते. पुढं बांधलं असतं तर तुला दिसलं असतं. खाली एक दांडी घावली."

ट्रॅक्टरवाल्यानेही टोपी सारखी केली. दत्ता हात पुसत राहिला. हात पुसून झाल्यावरही पुसत राहिला. मग आत बसून त्याने इंजिन सुरू केले, बटण दाबले आणि गाडी कुजबुजली.

पुढच्या सीटवर अण्णांना बसवणे म्हणजे उंच माणसाला पाटावर बसवणे. मागची सीट बहुधा दप्तरासाठी बनवलेली असावी. तिच्यात मी, अण्णांची पिशवी आणि मेथीच्या जुड्या मावलो. हडपसरला अण्णांनी नवे लिंबू-मिरची घेतले आणि या वेळी ते उघडउघड, नंबरप्लेटखाली बांधून घेतले.

मला कर्वेनगरला सोडायचे दोघेही विसरले, आणि मीही आठवण केली नाही. मी बरेच प्रवास केले, बर्फही पाहिला आणि समुद्रही; पण गुडघे हनुवटीला लावून, मेथीच्या वासात, दोन माणसांच्या गप्प बसण्यामागे इतका तृप्त मी कधी बसलो नव्हतो.

सिंहगड रस्ता सोडून गाडी धायरीत वळली. जिथे अण्णांची विहीर होती तिथे आता सोसायटीचे फाटक आहे. चौकात जुनी मंडळी नेहमीसारखी बसली होती. कुजबुजत जाणाऱ्या गाडीकडे एकानेही मान वर केली नाही. अण्णांनी काच खाली केली, एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा दत्ताकडे पाहिले, आणि त्यांच्या तोंडून निघून गेले:

"आरं, दाब की ते बटण! कळू दे गावाला, अण्णा आला म्हणून!"