कार्डाचे तीन रविवार

केळी बागायतदारांच्या आमच्या सोसायटीने कॉम्प्युटर घेतला. त्याच्या हार्ड डिस्कला जोडायचं कंट्रोलर कार्ड निवडायला गिरीज गावचा एक गृहस्थ येई. मुंबईत कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपला की इस्त्रीच्या सदऱ्यातच येऊन बसे.

चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार जोडप्याची नावं वाचतात, कुणाची हरकत असेल तर कळावी म्हणून. हा कार्डालाही तीन रविवार लावी.

"बघा हां, सेक्रेटरी. डिस्क एकदा या कार्डावर फॉरमॅट झाली, की दुसऱ्या कार्डाला ती वाचता येईलच असं नाही. आमच्यात सोडचिठ्ठी नसते."

मग डिस्कच्या पेटीवर तळहात ठेवून, डोळे मिटून ऐकत राही.

दुसऱ्या रविवारी सगळं सुरळीत चाललं. वार्षिक सभा तोंडावर आलेली. चेअरमन वैतागले. "चालतंय ना? मग भरून टाक की सभासदांची माहिती."

"दोनच झाले," तो म्हणाला आणि चहा पीत बसला.

तिसऱ्या रविवारी डिस्क काही केल्या उघडेना. त्याने कार्ड काढलं, पुसलं, खोक्यात ठेवलं. "हरकत आली," एवढंच म्हणाला. नव्या कार्डाचा पुन्हा पहिला रविवार धरला. आमची सभा हाताने लिहिलेल्या कागदांवर झाली.

सभेनंतर मी चेअरमनना म्हटलं, माणूस फारच काटेकोर आहे. चेअरमनही गिरीजचेच. त्यांनी हातातली खुर्ची चळतीवर ठेवली.

"त्याचंही नाव दोन रविवार वाचलं होतं," ते म्हणाले. "मांडवाचे बांबूसुद्धा येऊन पडले होते."