मोराचे पुठ्ठे

सकाळी मोबाईलवर कॉम्प्युटरच्या बातम्या चाळताना भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांचा फोटो दिसला. कॉम्प्युटरला हुकूम द्यायची युक्ती मागावरच्या या पुठ्ठ्यांवरूनच सुचली, असं खाली लिहिलं होतं. वाचता वाचता नाकात आमच्या जुन्या बंबाचा धूर शिरल्यासारखं झालं.

आमचे अण्णा सोलापुरी चादरींच्या नक्षीसाठी अशीच पुठ्ठ्यांना भोकं पाडायचे. एक भोक चुकलं तरी चादरीवरच्या मोराची मान वाकडी यायची. मी तेव्हा नुकताच कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. "अण्णा, आता हे सगळं कॉम्प्युटर करतो. ही अडगळ कशाला ठेवायची?" असं म्हणून मी पुठ्ठे आंघोळीच्या बंबात घालायला काढले.

अण्णांनी अडवलं नाही. पाट घेऊन शेजारी बसले, दोऱ्यात ओवलेली पुठ्ठ्यांची माळ सोडली आणि नंबर बघून एकेक पुठ्ठा माझ्या हातात देत राहिले. मी कंटाळून मूठभर एकदम कोंबले, तेव्हा मात्र हात धरून म्हणाले, "क्रमानं घाल की रे. मोर मधीच तुटंल."

मी लई हसलो. घरात कॉम्प्युटर कळणारा मी एकटाच, अशी तेव्हा माझी समजूत होती.