डाव्या पापणीची रेघ

लहानपणी मला वाटायचं, गुजरात म्हणजे नुसती पांढरी माती. पेणजवळच्या आमच्या जोह्यात शाडूची पोती तिकडूनच यायची. आता त्याच गुजरातेत राहते. नवऱ्याचं रोह्याजवळच्या धाटावच्या कंपनीतलं काम सुटलं, इकडे मिळालं, आणि अष्टमी गावातलं भाड्याचं घर, कुंडलिका नदीवरचा पूल, माहेरची भातशेतं सगळं मागे राहिलं.

आठवीतून शाळा सोडून मी गणपतीच्या कारखान्यात आईशेजारी बसले. आई आखणी करायची, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखायची. बाकीचे रंग कोणीही द्यायचं, डोळे फक्त ती. डावी पापणी ती केसभर लांब ओढायची. मी एकदा ती पुसून सारखी करायला गेले, तर बोटांवर ब्रशचा दांडा बसला.

"अगो, माणसाचे दोन डोळे सारखे असतात काय? तुझेच बघ, एक पेणला नि एक रोह्याला!"

तिने शिकवलेल्या त्या रेघेवरच मी आज इथे साड्यांवर नक्षी काढून चार घास खाते.

दरवर्षी इथल्या बाजारात पेणचे गणपती येतात, आईच्या कारखान्यातलेही. मी आधी डावी पापणी बघते. लांब दिसली की आई बरी आहे, असं समजून घरी येते. कारण फोनवर ती नेहमी 'बरी हाय'च म्हणते.

यंदा एकही लांब नव्हती. सगळे डोळे अगदी मापात. दुकानदाराला विचारलं, तर माल त्याच कारखान्यातला. तिथूनच फोन लावला.

"आई, यंदा डोळे कोणी केले?"

"मीच गो. दुसरं हाय कोण?"

मी परत मूर्तीकडे पाहिलं. मग आईच हळूच म्हणाली, "कसे आलेत?"

"तुला दिसत नाय का आई?"

"काचबिंदू म्हणतात. दिवाळीपासून नाय दिसत. शेजारची नवी सून रेखते, मी बाजूला बसून सांगते."

"मला का नाय कळवलं?"

"पोरांची शाळा टाकून धावत आली असतीस. तू सोडलीस तेवढी पुरे." मग म्हणाली, "गणपतीसमोर उभी राहून सांग. बघतो ना तुझ्याकडे?"

गणपती माझ्या डोक्यावरून पलीकडच्या दुकानाकडे बघत होता.

"बघतो."

"एक पेणला, एक रोह्याला?"

"व्हय."

"मग शिकली गो ती पोरगी," आई म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली.