कोंबडीच्या वेषातला ससा

आमच्या नाटक कंपनीत प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावर लागणाऱ्या वस्तू, सांभाळणाऱ्या माणसाला सगळे 'कपाट' म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव त्यालाही होतं, पण पगाराच्या दिवशी मॅनेजरने ते पुकारलं की तो स्वतःच मागे वळून बघायचा, कोण बुवा हा. उंच, चौकोनी माणूस. अंगात बारमाही एकच खाकी कोट आणि त्या कोटाला आतून-बाहेरून खिसेच खिसे. "कपाट, चष्मा!" म्हटलं की चष्मा. "कपाट, पिस्तूल!" म्हटलं की पिस्तूल. माझा केसांचा टोप एकदा भर प्रयोगात सैल झाला, तर विंगेतून नुसता हात पुढे आला आणि हातात टाचणी. एकच वस्तू त्याच्या कुठल्याही खिशात सापडायची नाही, ती म्हणजे 'नाही' हा शब्द.

त्याची खोली रंगमंचाच्या मागे, जिन्याखाली. खिडकी नाही. फळ्यांवर तारा नसलेले टेलिफोन, लाकडी तलवारी, प्रत्येक नाटकाच्या वेळेवर थांबवून ठेवलेली घड्याळं. एका कोपऱ्यात छोटी भट्टी. दुसऱ्या कोपऱ्यात पूर्वी त्याची बायको शिलाई मशीन घेऊन बसायची. आम्हा सगळ्यांची ती वहिनी. कंपनीचे कपडे शिवून शिवून तिचे डोळे थकले, तेव्हा दोघांनी साठवलेल्यातून लांबच्या एका गावात दोन खोल्यांचं घर बांधलं. ती पुढे गेली. हा चालू नाटक संपलं की मागोमाग जाणार होता. निघताना वहिनीने घराची एक किल्ली त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात टाकली आणि म्हणाली, "सगळ्या खिशांतलं सगळ्यांना देतोस. हिला हात लावू देऊ नकोस कुणाला."

आणि ते नाटक काही पडेना!

नाटक तसं साधं होतं. संशयी सासरा नव्या जावयाला जेवायला बोलावतो, जेवणघराच्या दाराला कुलूप घालतो, किल्ली जाकिटात टाकतो आणि म्हणतो, खरं बोलल्याशिवाय दार उघडणार नाही. अख्खा दुसरा अंक त्या बंद खोलीत. सासरा झालेल्या नटाला आम्ही काका म्हणायचो. सासू मी. आमचे दिग्दर्शक, मास्तर, म्हणायचे, "डोळ्यांना सगळेच दाखवतात. मला प्रेक्षकाचं नाक हवंय." म्हणून दर प्रयोगाला टेबलावर खरी, गरम, अख्खी भाजलेली कोंबडी. वास शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. आणि जावई तंगडीचं हाड कट्‌कन मोडायचा तेव्हा काकांच्या हातातला पेला पडायचा. त्या एका 'कट्'वर थिएटर डोक्यावर घेतलं जायचं.

रोज 'हाउसफुल'ची पाटी लागायची. आम्ही नट हवेत तरंगत होतो. ती पाटी खिळ्याला अडकवायचं काम मात्र कपाटाचं, आणि अडकवताना त्याचा चेहरा असा, की जणू स्वतःच आत बसून स्वतःच्या दाराला कुलूप लावतोय. मग बुकिंग ऑफिसच्या फोनवरून तो वहिनीला सांगायचा, "महिनाअखेर येतो."

वहिनीचा आवाज फोनबाहेर ऐकू यायचा. "कुठल्या महिन्याच्या?"

शेवटी एकदाची त्याने बॅग भरली. नेमका तेव्हा आमचा जावई दुसऱ्या कंपनीने पळवला आणि नवा आला. गोरा, हसरा, पाठांतर चोख. रंगीत तालमीत त्याने तंगडी मोडली, चावली, संवाद म्हटले, सगळं झकास. तालीम संपल्यावर कपाट भांडी उचलायला आला तर हे महाशय जिन्याखाली भिंतीला टेकून उभे. पुढचं मला पुष्कळ दिवसांनी कपाटानेच सांगितलं.

"जावईबापू, ओठाला काय झालं?"

"मेकअप लागला असेल."

"मेकअप कानामागेसुद्धा सुजतो का?"

तेव्हा तो तिथल्याच एका मोडक्या सिंहासनावर बसला आणि रडायलाच लागला. लहानपणापासून त्याला कोंबडी चालत नव्हती. अंडं नाही, बदक नाही, कुठलाच पक्षी नाही. घसा आवळायचा, अंगावर गांधी उठायच्या.

"मग तोंडात कशाला घातलीत?"

"नुसती दाताला लावली, दादा. मागच्या कंपनीत खरं सांगितलं, तर म्हणाले, जेवणाला घाबरणारा नायक आम्हाला काय कामाचा. घरी पाठवलं. मास्तरांना सांगू नका. तुमच्या पाया पडतो."

कपाट म्हणाला, "बघतो." आणि कपाट 'बघतो' म्हणाला की काम झालं असं आम्ही धरूनच चालायचो. बॅग परत दारामागे गेली.

मग शोध सुरू झाला. पावाची कोंबडी करून पाहिली. दिसायला देखणी, पण मोडली की भुगा. बटाटा, मशरूम, सगळं झालं. वास नाही आणि हाड तर नाहीच. मासळीला तंगडी कुठून आणायची? बकऱ्याची तंगडी मोडायला जावयाऐवजी पहिलवान लागला असता. खाटकाच्या दुकानात हा रोज उभा. खाटीक वैतागून म्हणाला, "दादा, तुम्हाला जनावर हवंय की जादू?" मग त्यानेच कंटाळून सशाचं नाव काढलं.

कपाट जावयाला घेऊन आधी डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी समोर बसवून नखाएवढा तुकडा खायला दिला, मग थोडा मोठा, आणि दोघांना दुपारभर बाकावर बसवून ठेवलं. ओठ जागेवर, श्वास जागेवर. ससा चालत होता. निघताना डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या कुणाच्या खिशात गेल्या ते सांगायला नकोच. "आणि भांडी, सुरी, ब्रश, सगळं वेगळं ठेवा," डॉक्टर म्हणाले. "एक कुणीतरी जबाबदार माणूस लागेल." जावयाने कपाटाकडे बघितलं. कपाटाने दाराकडे.

गावाबाहेर एक बाई ससे पाळायची. तिने विचारलं, "कशाला हवेत?"

"नाटकाला."

"नाटकात काय काम ससा?"

"कोंबडीचं," कपाट म्हणाला.

आणि काय सजवायचा तो त्या सशाला! पुढचे पाय दुमडून दोऱ्याने बांधले की पंख. कंबर आवळली की छाती. जळक्या साखरेच्या पाण्याचे दोन हात दिले की वर सोनेरी चकाकी. हाड वेळेवर मोडावं म्हणून आतून पकडीने आधीच चिमटलेलं. मी सासू, रोज माझ्या हाताने वाढायचे, मला पत्ता लागला नाही. आमच्या कंपनीत वेषांतरात एवढा तरबेज नट दुसरा झाला नाही.

पण यात कपाटाचं काय झालं, बघा. गुपित त्याच्याजवळ, कृती त्याच्याजवळ, वेगळी भांडी त्याच्या खोलीत कुलपात. दुसऱ्या कुणाला शिकवावं तर गुपित फुटणार, सोडून जावं तर या पोराच्या गळ्याशी येणार. जावई दर महिन्याला म्हणायचा, "दादा, एवढा महिना." कपाट त्या जिन्याखालच्या खोलीत भट्टीपुढे बसायचा, भिंतीवरची सगळी घड्याळं थांबलेली, आणि वर आमच्या पावलांची धडधड. जगात नाटक पडावं म्हणून प्रार्थना करणारा प्रॉपर्टीवाला तो एकटाच असेल. प्रेक्षक त्याची प्रार्थना ऐकत नव्हते. पाटी लागतच होती.

मग तो दौरा. गाव नवं, उन्हाळा कडक, दुपारचा प्रयोग. बर्फाच्या पेटीतला बर्फ वाटेतच वितळला आणि सशाचं मांस नासलं. पहिला अंक सुरू होताच कपाट दुसरा ससा शोधून भाजून आणायला गावात पळाला. मध्यंतर संपत आलं तरी पत्ता नाही. मॅनेजर बिचारा भल्या मनाचा. रिकामं ताट बघून त्याने समोरच्या हॉटेलातून भाजलेली कोंबडी मागवली, झाकण घातलं, टेबलावर ठेवून दिली.

पडदा वर गेला. मी झाकण काढलं. जावयाने ताटाकडे बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग मेकअपखालून उतरताना मी पाहिला. मला वाटलं, विसरला. मी हळूच त्याचं वाक्य सुचवलं. तो ते बोलला, पुढचं बोलला, मग नाटकात नसलेलंच काहीबाही बोलायला लागला. आपलं बालपण, हवापाणी, शेजाऱ्यांचं कुत्रं. प्रॉम्प्टर विंगेत पानं उलटून घामाघूम. समोर हजार माणसं, पाठीमागे कुलूपबंद दार. उठून जावं तर नाटक पडतं, खावं तर आपण पडतो. एरवी आम्ही त्या खोलीत अडकल्याचं सोंग करायचो. त्या दुपारी तो खरंच अडकला होता, आणि मनातून 'खा, खा' म्हणणारा सगळा गाव समोर बसला होता.

काका जुने, मुरलेले नट. गाडी रुळावर आणायची म्हणून त्यांनी तंगडी उचलली, "लाजता काय, जावईबापू!" म्हणत थेट त्याच्या तोंडाला लावली. त्याने दात घट्ट आवळले. ओठाची कड माझ्यादेखत लाल झाली.

आणि दार उघडलं.

सासऱ्याने अंकाच्या सुरुवातीला सगळ्यांसमक्ष कुलूप घातलेलं ते दार ढकलून कपाट आत आला. तोच खाकी कोट, धुळीने माखलेला, हातात झाकलेलं ताट. सबंध आयुष्यात प्रेक्षकांना ज्याची सावली दिसली नव्हती, तो भर उजेडात उभा. कुणीतरी मागून ओरडलं, "अहो, कुलूप आहे की!"

कपाट थबकला. मग त्याने आतल्या खिशात हात घातला, एक किल्ली काढून उंच धरली आणि काकांना म्हणाला, "मालक, दुसरी माझ्याकडे असते. भांडी काय तुमचे वडील नेणार?"

असा हशा मी जन्मात ऐकला नाही. तो चालू असतानाच त्याने जावयाच्या हातापुढची कोंबडी उचलली, आपलं ताट ठेवलं, पाण्याचा पेला पुढे करत "आधी पाणी" म्हणून गोळी हातात सरकवली, ओला रुमाल दिला आणि बाहेर गेला. जाताना बाहेरून कुलूप लावल्याचा आवाजही न विसरता काढला. पुन्हा हशा, पुन्हा टाळ्या.

अंक संपला. डॉक्टर आले, धोका नाही म्हणाले. मग रंगपटात, सुजलेल्या ओठाने, जावयाने मास्तरांना सगळं सांगून टाकलं.

"एवढंच?" मास्तर म्हणाले. "अरे गाढवा, पहिल्या दिवशी बोलायचं! ससा तर ससा. प्रेक्षकाला वास आला, हाड मोडलं, संपलं."

इतके महिने छातीवर वागवलेला धोंडा, तो एका वाक्यात बाजूला झाला. जावई आता उघडपणे रडत होता. कपाटाने कोट झटकला आणि मी कधी ऐकला नव्हता अशा हलक्या आवाजात म्हणाला, "मग मास्तर, आता कुणालाही शिकवतो भाजायला. मी सुटलो ना? ती तिकडे वाट बघतेय."

"सुटलास?" मास्तरांचे डोळे चमकत होते. "आजचा हशा ऐकलास ना? ती एंट्री राहणार. तोच कोट, तीच किल्ली, तेच वाक्य. दुसरा कुणी करून दाखवू दे बघू."

कपाटाने एकेक खिसा चाचपला. मी त्याच्याकडे बघत होते. 'नाही' सापडला नाही.

त्या दिवसापासून जाहिरातीत शेवटी एक ओळ वाढली: 'आणि दुसऱ्या किल्लीवाला'. फोनवर तो वहिनीला म्हणाला, "महिनाअखेर." या वेळी तिने काही विचारलंच नाही.

एका प्रयोगाला ती स्वतः आली. तिकीट काढून तिसऱ्या रांगेत बसली, आम्हाला कुणाला न सांगता. सगळे हसत असताना एक बाई हसत नव्हती, ते मला रंगमंचावरून दिसलं. पडदा पडल्यावर ती जिन्याखालच्या खोलीत आली, बॅग खाली ठेवली आणि हात पुढे केला.

"किल्ली."

"अगं, तू केव्हा—"

"ती घराची आहे. नाटकाची नाही. दे."

त्याने दिली. "आता उद्या काय दाखवू?"

"कर एखादी लाकडाची. तुला काय, सगळं करता येतं." मग ती म्हणाली, "लोकांपुढे केवढा बोलतोस रे. घरी एवढं कधी बोलला असतास, तर मी गेलेच नसते."

ती परत गेली नाही. तिच्या जुन्या कोपऱ्यात खुर्ची ठेवली गेली. ससा आता ती भाजायची. पडद्यामागून मिठावरून दोघांची कुजबुज चालायची आणि आम्ही पुढे त्या बंद खोलीत बसून ऐकायचो. हा लाकडाला चंदेरी रंग दिलेली किल्ली उंच धरायचा, खरी तिच्या पर्समध्ये. तिकडे दोन खोल्यांच्या घराला बाहेरून कुलूप, इकडे दोघं बिनखिडकीच्या खोलीत. नाटक त्यानंतरही खूप चाललं.

पडलं एकदाचं. शेवटच्या प्रयोगाला खुर्च्या अर्ध्या रिकाम्या होत्या. आम्ही सगळे गळ्यात गळे घालून रडलो, जावई सर्वांत जास्त. कपाट कोटाचे खिसे रिकामे करत होता. पिना, मेणबत्त्या, गोळ्या, सगळं फळीवर मांडलं. मग त्याने वहिनीपुढे हात केला. तिने किल्ली दिली.

त्याने सवयीने ती उंच धरली. कुणी हसलं नाही. तशीच धरून तो किल्लीकडे बघत राहिला आणि मला म्हणाला, "ताई, इतक्या वर्षांत ते कुलूप गंजलं असेल. हिने उघडेल का हो?"